मुलांसाठी आणलेला हॅम्स्टर कोणाचा?

आज मी तुमच्याशी आमेरहून बोलते आहे. जयपूर शहरापासून साधारण 11 किलोमीटरवर. मराठी माणसाला आमेर म्हटलं की आधी मिर्झाराजे जयसिंग आठवतात आणि मग 1665 चा पुरंदरचा तह. तहाचा विषय पुढे येणार आहे, पण तो आमच्या घरातला तह आहे. आणि ज्याच्याशी तो केला, तो मुठीत मावेल एवढा होता.

आधी आमची ओळख. आम्ही मूळचे विट्याकडचे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सासऱ्यांच्या वेळी आमचं घर असंच जयपूरला आलं. धंदा जोहरी बाजाराजवळच्या गल्लीत आणि राहणं आमेरला, एका जुन्या दगडी घरात. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. ही गोष्ट घडली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा सहा वर्षांचा.

मुलांना कुत्रा हवा होता. घरमालक नको म्हणाले. मग कोणीतरी सुचवलं, हॅम्स्टर आणा. लहान असतो, भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, खर्च कमी. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य आलंच, "मुलांना जबाबदारीची सवय लागते."

आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. मी ते वाक्य खरं मानलं आणि त्याची किंमत एका मुक्या जिवानं भरली. तुम्ही हॅम्स्टर आणायच्या विचारात असाल, किंवा आणला असेल, तर आमच्याकडून झालेल्या चुका आधीच ऐकून ठेवा.

संक्रांत होती. जयपूरला संक्रांत म्हणजे पतंग. सगळं गाव गच्चीवर असतं. त्याच आठवड्यात आम्ही शहरातल्या एका दुकानातून दोन हॅम्स्टर आणले. मी एकच मागितला होता. दुकानदार म्हणाला, "एकटा उदास होतो, जोडी न्या." दोघंही सोनेरी, पोटाशी पांढरे. संक्रांतीचे म्हणून मुलांनी नावं ठेवली तिळ्या आणि गुळ्या. आम्ही हसलो. गोड बोलतील म्हटलं.

हॅम्स्टर म्हणजे काय, हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं. नंतर वाचलं. आपल्याकडे दुकानात मिळणारा मोठा सोनेरी हॅम्स्टर हा मूळचा सीरियातला. 1930 च्या एप्रिलमध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल अहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ सीरियात अलेप्पोजवळ गेले. तिथल्या गव्हाच्या एका शेतात खोल खणल्यावर त्यांना बिळात एक मादी आणि तिची 11 पिल्लं सापडली. विद्यापीठातले सॉल अ‍ॅडलर काळा आजाराच्या जातीच्या रोगावर संशोधन करत होते, त्यांना प्रयोगासाठी हे प्राणी हवे होते. काळा आजार म्हणजे आपल्या बिहारमध्ये ज्यानं पिढ्यान् पिढ्या माणसं मेली, तोच. त्या 11 पैकी थोडीच पिल्लं जगली. आज जगभरातल्या घरांत आणि प्रयोगशाळांत दिसणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळातल्या भावंडांचे वंशज आहेत.

ही गोष्ट मी का सांगते? कारण हॅम्स्टरला काय हवं, हे त्या बिळातच लिहिलेलं आहे. तो जमिनीखाली खोल राहतो, म्हणजे त्याला खणायला हवं आणि फार ऊन, फार गारठा त्याला सोसत नाही. तो अंधार पडल्यावर बाहेर येतो, म्हणजे दिवसा झोपतो. मोठा झाला की तो एकटा राहतो, म्हणजे त्याला सोबती नको असतो. आमच्या घरी या तिन्ही गोष्टींच्या उलट वागणं झालं.

पहिली गोष्ट थंडीची. पिंजऱ्याला वास येईल म्हणून आम्ही तो गच्चीवरच्या खोलीत ठेवला. जयपूरला जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. दोन आठवड्यांनी एका सकाळी मुलगी रडत खाली आली. तिळ्या थंडगार पडला होता. अंग ताठ, डोळे मिटलेले. नवऱ्यानं बागेत खड्डा करायला फावडं काढलं. सासूबाई म्हणाल्या, "थांबा की. मातीत घालायची एवढी काय घाई हाय?" त्यांनी त्याला हातात घेतलं, मिशांकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळानं एक मिशी हलली. गावाकडं गारठलेलं करडू त्यांनी असंच वाचवलं होतं. त्यांनी त्याला पदराखाली धरून ठेवलं आणि तास-दीड तासानं तिळ्या उठून बसला.

थंडी, अंधार आणि कमी खाणं एकत्र आलं की हॅम्स्टर सुप्तावस्थेत जाऊ शकतो. श्वास अगदी मंद होतो. न कळणाऱ्या माणसाला तो मेलेला वाटतो. असं झालं तर हीटरसमोर धरायचं नाही, गरम पाण्याची पिशवी अंगाला लावायची नाही. हातांच्या उबेत, उबदार खोलीत हळूहळू गरम होऊ द्यायचं. जागा झाल्यावर पाणी आणि खाणं समोर ठेवायचं आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पाळीव हॅम्स्टरला ही झोप परवडत नाही. त्यातून तो उठतोच असं नाही.

त्याच दिवशी धाकट्यानं आपल्या जयपुरी रजईतला कापूस काढून पिंजऱ्यात भरला. त्याला थंडी वाजू नये म्हणून. केवढी माया! पण कापसाचे तंतू हॅम्स्टरच्या पायाला गुंडाळतात, रक्त अडतं. गालाच्या पिशव्यांत आणि पोटात अडकतात. नशीब, वेळेवर दिसला. बाजारात हॅम्स्टरसाठी म्हणून मऊ कापूस विकतात, तोही घेऊ नका. साधा टिश्यू पेपर फाडून टाका. तो स्वतः त्याचं घरटं करतो.

दुसरी गोष्ट भांडणाची. फेब्रुवारीत रात्री पिंजऱ्यातून चिरकण्याचा आवाज यायला लागला. मुलं म्हणाली, खेळतायत. मीही तेच म्हणाले. एका सकाळी तिळ्याचा कान फाटलेला आणि पाठीवर जखम. लहान असताना ही पिल्लं एकत्र राहतात. दोन महिन्यांच्या आसपास वयात आली की सोनेरी हॅम्स्टर एकमेकांना सहन करत नाहीत. मोठा पिंजरा, दोन चाकं, दोन वाट्या, कशानंही ते जुळत नाही. एकमेकांना जिवानिशी मारतात. म्हणून सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यात एकच. "एकटा उदास होतो" हे आपल्या मनाचं त्याच्यावर लादणं आहे.

आमचे दोघं नर निघाले, ते बरं झालं. नर-मादी असती तर सोनेरी हॅम्स्टरचा गर्भकाळ फक्त 16 दिवसांचा असतो आणि एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात. आणि बाळंतिणीला त्रास झाला, मुलांनी सारखं डोकावलं, तर ती स्वतःची पिल्लं मारते. सहा वर्षांच्या मुलानं ते बघायची गरज नाही.

तिसरी गोष्ट चाव्याची. शाळेतून आल्यावर चार वाजता मुलगा पिंजऱ्याकडे धावायचा. चार वाजता हॅम्स्टरची मध्यरात्र. एकदा झोपलेल्या गुळ्याला त्यानं वरून मुठीत धरलं. गुळ्या कडकडून चावला. दात थेट आत गेले. मुलगा रडला, मी गुळ्याला दुष्ट म्हणाले. आता कळतं की वरून झडप येते ती घारीची. त्याला दूरचं नीट दिसत नाही, तो वासावर जगतो. झोपेत घार आली तर तोही दुसरं काय करणार?

चावला तर घाबरू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस झाली आहे का, ते डॉक्टर बघतील. घरात पिंजऱ्यात वाढलेल्या हॅम्स्टरमुळे रेबीज होण्याची शक्यता जवळपास नसते, पण हा निर्णय डॉक्टरांवर सोडा, दुकानदारावर नको.

आणि आता चौथी गोष्ट. ती सांगताना अजून जड जातं.

मे महिना होता. इथे मे महिन्यात पारा 44-45 ला सहज जातो. तोवर दोन पिंजरे केले होते. तिळ्याचा खालच्या आतल्या खोलीत आणि गुळ्याचा मुलांच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून. एका लग्नाला आम्ही सगळे गेलो. कूलर चालू ठेवला होता. दुपारी लाइट गेली आणि तीन-चार तास आली नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा गुळ्या आडवा पडला होता. हनुवटी ओली होती. सासूबाईंनी याही वेळी मिशांकडे बघितलं. या वेळी मिशी हलली नाही.

मी मुलीला काय म्हणाले, ते सांगते. मी म्हणाले, "तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना?"

तिनं काही उत्तर दिलं नाही. तिनं भिंतीवर लावलेला कागद दाखवला. पाणी बदलणं, खाणं, कोपरा साफ करणं. त्या दिवसाच्या तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. लग्नाला निघण्याआधी तिनं सगळं केलं होतं. तिच्या यादीतलं सगळं झालं होतं. माझ्या यादीतलं काहीच झालं नव्हतं, कारण माझी यादीच नव्हती. लाइट गेली तर काय, पश्चिमेची भिंत तापते त्याचं काय, आपण चार तास घरी नसू तर कोण बघेल, हे नऊ वर्षांच्या मुलीनं ठरवायचं नसतं. ते मी ठरवायला हवं होतं.

म्हणून सांगते, मंडळी. हॅम्स्टर मुलांसाठी आणला तरी तो मुलांचा नसतो. घरातल्या एका मोठ्या माणसाचा असतो. मूल त्यात मदतनीस असतं. जबाबदारी शिकवायची असेल तर मुलासमोर आपण ती घ्यायची, मूल बघून शिकतं. जिवंत प्राणी हा धडा गिरवायची पाटी नव्हे. चुकलं तर पुसता येत नाही.

गुळ्याला आम्ही मागच्या कडुलिंबाखाली पुरलं. रात्री मी मुलीची माफी मागितली. "तू काही चुकली नाहीस, चुकलो ते आम्ही मोठे." त्यानंतर ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी सगळे बसलो आणि तिळ्याशी तह केला. मुलांनी चौथीच्या इतिहासातला पुरंदरचा तह ऐकलेला, म्हणून नाव तेच ठेवलं. कागदावर कलमं लिहिली आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या, आजींनीसुद्धा. ती कलमं तुम्हाला सांगते. तुमच्या घरीही चालतील.

पहिलं कलम, तिळ्या आईचा. रोज सकाळी आणि रात्री झोपण्याआधी मी बघायचं. खाणं कमी झालं का, शेपटीकडचा भाग ओला आहे का, डोळे चिकटलेत का, दात वाढलेत का. हॅम्स्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून चावायला सुरक्षित लाकडाचा तुकडा हवा. शेपटीकडे ओलसर जुलाब दिसले तर उद्यावर टाकायचं नाही. एवढ्या लहान जिवाला एका दिवसातही उशीर होतो. आणि हॅम्स्टर बघणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. प्राणी आणण्याआधी डॉक्टर शोधा, आजारी पडल्यावर नाही.

दुसरं कलम, त्याची वेळ त्याची. दिवसा त्याला कोणी उठवायचं नाही. रात्रीची जेवणं झाल्यावर, साडेआठ-नऊला तो स्वतः बाहेर येतो, ती भेटीची वेळ. पिंजरा मुलांच्या झोपायच्या खोलीत नको, कारण रात्रभर चाक फिरतं आणि दोघांचीही झोप मोडते.

तिसरं कलम, हात खालून. आधी काही दिवस नुसता तळहात पिंजऱ्यात ठेवायचा, त्यावर सूर्यफुलाची एक बी. तो स्वतः चढला तरच उचलायचं. मुलानं जमिनीवर बसूनच हातात घ्यायचं, मोठं माणूस शेजारी असतानाच. हॅम्स्टरला उंचीचा अंदाज येत नाही, तो टेबलाच्या कडेवरून सरळ खाली चालत जातो. उभ्या मुलाच्या हातातून पडला तर हाडं मोडतात. ते प्लास्टिकचे बंद गोळे, ज्यात घालून त्याला घरभर फिरवतात, तेही आम्ही देऊन टाकले. त्यात हवा कमी आणि त्याला आपण कुठे जातो हेच कळत नाही.

चौथं कलम, हात धुणं. हॅम्स्टर धडधाकट दिसला तरी त्याच्या पोटात सॅल्मोनेलाचे जंतू असू शकतात. 2003-04 मध्ये अमेरिकेत दुकानांतून आणलेल्या अशा कुरतडणाऱ्या पाळीव प्राण्यांमुळे माणसांना, त्यातही बऱ्याच लहान मुलांना, सॅल्मोनेलाची लागण झाली होती. म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, पापा घ्यायचा नाही, पिंजरा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हॅम्स्टर आणूच नये असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी पिंजऱ्याची साफसफाई करू नये, कारण या प्राण्यांतून येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला घातक ठरतो.

पाचवं कलम, घर मोठं आणि खोल. बाजारातले रंगीत, मजल्यांचे पिंजरे मुलांना आवडतात, पण ते हॅम्स्टरला फार लहान असतात. जर्मनीतल्या पशुवैद्यांच्या प्राणिरक्षण संघटनेनं सोनेरी हॅम्स्टरला कमीत कमी 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच जागा सुचवली आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे एक प्रयोग झाला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काही हॅम्स्टरना 10 सेंटिमीटर जाडीचं अंथरूण दिलं, काहींना 40, काहींना 80. ज्यांना 10 मिळालं ते पिंजऱ्याच्या तारा जास्त चावत राहिले. पिंजऱ्याची तार चावणारा हॅम्स्टर खेळत नसतो, कंटाळून जात असतो.

आम्ही काय केलं? जुनी काचेची मोठी टाकी घेतली, वरून जाळी बसवली. एका बाजूला हातभर खोल कागदाचा लगदा आणि न छापलेल्या कागदाचे तुकडे दाबून भरले. सुताराकडचा भुसा नको. देवदार आणि पाइनच्या भुश्याचा वास आणि धूळ त्याच्या फुप्फुसांना त्रास देते. चाक 20 सेंटिमीटरपेक्षा मोठं हवं आणि सलग पट्टीचं, मधे फटी नकोत. लहान चाकात पाठ वाकडी होते, फटीत पाय अडकतो. आणि राजस्थानात आम्हाला फुकट मिळणारी एक गोष्ट म्हणजे वाळू. चाळून, धुऊन, तव्यावर कडक भाजून, गार करून एका पसरट वाटीत ठेवायची. तो त्यात लोळून अंग साफ करतो. त्याला पाण्यानं अंघोळ घालायची नाही, कधीच.

सहावं कलम, खाणं. बाजरी, ज्वारी, गहू, थोडं ओट, मोड आलेले मूग, काकडीची चकती, गाजराचा नखाएवढा तुकडा. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा. शाकाहारी घरात बिनमिठाचं पनीर, वाटाण्याएवढं. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट, बिस्कीट, फरसाण, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, यातलं काही नाही. आणि हो, गूळ आणि तीळगुळाची वडीसुद्धा नाही, नाव तिळ्या असलं तरी. तो गालाच्या पिशव्यांत भरून खाणं लपवतो. म्हणून काकडी-गाजर उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी शोधून काढायचं, नाहीतर ते कुजतं.

सातवं कलम उन्हाळ्याचं. ते गुळ्याच्या नावानं आहे.

हॅम्स्टरला 18 ते 24 अंश बरं वाटतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तिशीच्या पुढे त्याचा जीव धोक्यात असतो. जयपूरच काय, नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूरवाल्यांनीही हे लिहून ठेवावं. आमेरच्या किल्ल्यात तिसऱ्या चौकात सुख निवास आहे. संगमरवराच्या नाळेतून पाणी वाहायचं, त्यावरून वारा यायचा आणि दालन गार राहायचं. राजानं जे केलं तेच आम्ही लहान प्रमाणात केलं. इथे मकराण्याच्या संगमरवराचे उरलेले तुकडे सहज मिळतात. एक तुकडा पाण्यात गार करून, पुसून टाकीत ठेवला. तिळ्या दुपारी त्यावर पोट टेकून पसरायचा. एक लहान माठ आडवा करून अंथरुणात अर्धा पुरला, ते त्याचं तळघर. टाकी खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, जमिनीजवळ. कूलरचा झोत थेट त्याच्यावर नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या. लाइट गेली की एक बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरच्या बाजूला टेकवायची. आणि एप्रिल ते जून घरात कोणी नाही असा एकही दिवस नाही. सगळे बाहेर जाणार असू तर तिळ्या शेजारच्या वहिनींकडे, तळघराच्या खोलीत.

उन्हाळ्यात तो लुळा पडला, हनुवटी ओली झाली, श्वास जोरात चालला, तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. गार फरशीवर ठेवा, अंग आणि पाय साध्या पाण्यानं ओलसर करा, तोंडाशी पाण्याचा थेंब धरा, जबरदस्तीनं पाजू नका, आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.

आठवं कलम आमेरपुरतं होतं, पण कोकणातही लागू पडेल. इथे माकडं खिडकीतून हात घालतात आणि मांजरं भिंतीवरून फिरतात. म्हणून टाकी खिडकीजवळ नाही.

आता विकत घेण्याबद्दल. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे केंद्राचे नियम आहेत. दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागा. दुकानदार चिडला तर दुसरीकडे जा. हॅम्स्टर परदेशी प्राणी आहे, तो पाळायला बंदी नाही. पण त्याच दुकानात कोणी आपला देशी पोपट किंवा तारा कासव दाखवलं, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. नर की मादी, वय काय, हे विचारा. एकच घ्या. आणि मुलांना कंटाळा आला म्हणून शेतात, डोंगरात सोडून देऊ नका. नाहरगडच्या जंगलात सोडलेला हॅम्स्टर "मोकळा" होत नाही, तो उपाशी मरतो किंवा कोणाचं तरी खाणं होतो. प्राण्याला असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यातही बसत नाही.

शेवटी तिळ्याचं सांगते. तो त्यानंतर दीड वर्ष जगला. हॅम्स्टरचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचंच. शेवटी त्याचे केस विरळ झाले, चाक फिरवणं थांबलं. एका रात्री तो माठातून बाहेर आला नाही. सासूबाईंनी बराच वेळ मिशा बघितल्या. मग मुलांना सांगितलं, "गेला." झोपला, देवाघरी फिरायला गेला, असं आम्ही म्हटलं नाही. म्हातारा होऊन मेला असं सांगितलं. मुलं रडली, पण या वेळी कोणी कोणाला दोष दिला नाही. दोन मृत्यूंमधला हा फरक मुलांना नीट कळला. मला वाटतं, जबाबदारीचा धडा असेल तर तो एवढाच.

त्या दीड वर्षात आणखी एक झालं. धाकटा, जो मुठीत धरायला धावायचा, तो रोज रात्री टाकीसमोर पोटावर पडून नुसता बघत राहायचा. तिळ्या गालात बाजरी भरतो, बोगदा खणतो, परत बुजवतो, पंजांनी तोंड धुतो. हात लावायचा प्राणी हळूहळू त्याच्यासाठी बघायचा प्राणी झाला. परवा किल्ल्याच्या चढावर पर्यटकांना घेऊन जाणारा हत्ती बघून त्यानं विचारलं, "आई, उन्हात त्याच्या पायाला चटका बसत असेल का?" पूर्वी तो फक्त "मला बसायचंय" म्हणायचा.

म्हणून हॅम्स्टर आणण्याआधी मुलांना काही विचारू नका. मुलं हो म्हणणारच. स्वतःला एकच प्रश्न विचारा. मुलांचा उत्साह तीन महिन्यांत संपला, तर पुढची दोन-अडीच वर्षं, मे महिन्यातल्या लाइट गेलेल्या दुपारीसुद्धा, हा प्राणी मी सांभाळीन का? उत्तर "हो" असेल तर आणा, सुंदर प्राणी आहे. उत्तर "बघू" असेल तर सध्या आणू नका. मुलांना थोडा राग येईल. तो जातो.

एवढंच सांगायचं होतं. आपापल्या घरातल्या मुक्या जिवांना या उन्हाळ्यात सांभाळा. पुन्हा भेटू. नमस्कार.